गाडी सोडायची कुठे?



बाजारच्या दिवशी जुन्नरला किंवा घोडेगावला गेलेल्या माणसाला हल्ली पहिला प्रश्न पडतो तो भाजीच्या भावाचा नव्हे. गाडी लावायची कुठे, हा प्रश्न आधी. समजा, आपटाळ्याकडचा एक शेतकरी आपली पिकअप घेऊन पेठेत शिरला. दोन्ही कडांना गाड्या उभ्या. एका घरापुढे तेवढी जागा मोकळी, पण तिथे पाण्याचे पिंप आणि दोन दगड मांडून ठेवलेले. तो दगड हलवायला वाकला, तोच ओट्यावरून आवाज आला, "ओ पाव्हणं, इथं लावू नका. ही आमची जागा आहे."

शेतकरी काही ऐकणारा नव्हता. तो म्हणाला, "दादा, रस्त्याचा सातबारा तुमच्या नावावर आहे का?"

आता पाहा, दोघांचेही म्हणणे अगदीच खोटे नाही. ओट्यावरच्या माणसाचे घर पणजोबांच्या वेळचे. पुढे रस्ता, मागे दुसऱ्याची भिंत, अंगण नाहीच. रात्री घरात म्हातारी आजारी पडली तर गाडी दारात हवी. आणि शेतकरी विचारतो तेही खरे. रस्ता सरकारी, म्हणजे साऱ्यांचा. मग एकाला मोकळा आणि दुसऱ्याला बंद, हा कुठला न्याय?

या भांडणावर शहरांनी एक तोडगा काढलेला आहे. त्याला 'रहिवासी परवाना' म्हणतात. ठरावीक आळीत राहणाऱ्याला नगरपालिका एक चिठ्ठी देते. ती काचेवर लावली की त्या आळीत गाडी ठेवता येते. बाहेरच्याने ठरलेल्या वेळात तिथे गाडी लावली तर दंड. ऐकायला सोपे वाटते. पण हा परवाना नेमका कशाचा? जागेच्या मालकीचा, की वापराच्या पाळीचा? या एका प्रश्नावर सारे अवलंबून आहे. आणि त्याचे उत्तर शोधायला इतिहासात मागे जावे लागते. बरे, फार लांब नव्हे, आपल्याच डोंगरात.

जुन्नरच्या पश्चिमेला घाटघर, आणि त्यापुढे नाणेघाट. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपारा या बंदरांकडचा माल याच वाटेने वर देशावर येई. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आगेमागे कोरलेला राणी नागनिकेचा लेख तिथल्या लेण्यात आहे. त्यात यज्ञ आणि दाने यांची यादी आहे, आणि ब्राह्मी लिपीतले आकडेही आहेत. आपल्या देशातल्या अगदी जुन्या अंकांमध्ये त्यांची गणना होते. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे परंपरा सांगते.

शाळेच्या सहलीत मुलांना तो रांजण आपण हौसेने दाखवतो. पण गुरुजींनो, त्याच्या भोवतालचेही दाखवावे. कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. विसाव्याला लेणे आहे. खिंडीत दगडाची बांधलेली वाट आहे. म्हणजे वाटसरूकडून घेणारे हात त्याला काही देतही होते. घेतले तर द्यावे लागते, हा सार्वजनिक वाटेचा पहिला धडा. तो आपण पुढे वापरणार आहोत, म्हणून ध्यानात ठेवा.

नाणेघाटात पैसा घेतला जाई तो वाटेने जाण्याचा. थांबण्याची गोष्ट वेगळी. माल येई तो बैलांच्या पाठीवरून. वंजाऱ्यांचा तांडा आला म्हणजे शेकडो बैल. एवढी जनावरे कोणी पेठेत नेऊन बांधत नसे. तांड्याचा तळ पडे तो गावाबाहेर, वेशीच्या पलीकडे, जिथे पाणी आणि चारा जवळ. माल तेवढा आत जाई. जुन्नरला आजही एक कल्याण पेठ आहे; कोकणातल्या बंदराचे नाव देशावरच्या गावात नांदते आहे, ते या जुन्या व्यापाराची आठवण करून देते.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलात सडका झाल्या आणि बैलगाड्या वाढल्या. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. मग मुंबईचा माल रुळांवरून पुण्याकडे जाऊ लागला आणि नाणेघाटाची वर्दळ ओसरली. पण गावोगावचे बाजार गाड्यांनी भरू लागले. बैलगाडी नुसती उभी करून भागत नाही. ती सोडावी लागते. बैल सोडायचे, जू टेकवायचे, बैलांना वैरण टाकायची, पाणी दाखवायचे. म्हणून आपल्या भाषेत 'गाडी सोडली' म्हणजे मुक्काम केला. अशा गाड्या सोडण्यासाठी गावाने राखलेली जागा म्हणजे गाडीतळ.

हा शब्द नव्या पिढीच्या कानांवरून जातो, पण त्याचा अर्थ लक्षात येत नाही. पुण्याजवळ हडपसरला रोज हजारो लोक 'गाडीतळ' म्हणून बसमधून उतरतात. बैल गेले, गाड्या गेल्या, नाव मात्र उरले. आज आपण 'पार्किंग, पार्किंग' म्हणतो, त्याची व्यवस्था आपल्याकडे नावानिशी होती.

आणि ती नुसती रूढी नव्हती, कायद्यातही आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीला ज्या फी बसवण्याची मुभा दिली, त्यांत आठवड्याच्या बाजाराची फी आहे, तशी गाडीतळाची आणि टांगातळाचीही आहे. त्याच कायद्यात सार्वजनिक रस्त्यावरचे अतिक्रमण आणि अडथळा दूर करण्याचा अधिकार पंचायतीला दिला आहे. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे विचार कळतो. रस्ता चालण्यासाठी. थांबायचे असेल तर त्याला जागा निराळी, आणि त्या जागेची फी गावाच्या तिजोरीत.

असाच विचार दूरदेशीही झाला. लंडनमध्ये १८१२ साली एक खटला चालला. प्रवासी घोडागाड्यांचा एक मालक आपल्या गाड्या भर रस्त्यात बराच वेळ उभ्या ठेवी. प्रवासी यायचे, सामान चढायचे, तोवर बाकीच्यांची वाट अडायची. न्यायाधीश होते लॉर्ड एलनबरो. त्यांच्या निवाड्याचा मथितार्थ असा, की राजरस्त्याचा कोणी घोड्यांचा तबेला करू नये. उतरायला-चढायला लागेल तेवढा वेळ थांबा. त्याहून अधिक थांबणे म्हणजे सर्वांच्या वाटेवर आक्रमण.

पुढे मोटारी आल्या. घोडा रात्री तबेल्यात जाई, मोटार मात्र रस्त्यावरच राहू लागली. १९३५ च्या जुलैत अमेरिकेतल्या ओक्लाहोमा शहरात पहिले मीटर बसले. त्यात नाणे टाकायचे आणि तेवढा वेळ गाडी उभी करायची. पाहा, पुन्हा नाणे आले! लंडनला अशी मीटरे १९५८ च्या जुलैत आली. बाजाराच्या रस्त्यावर हा उपाय चालला, कारण गिऱ्हाईक येते आणि जाते. राहत्या आळीचे काय? तिथल्या माणसाने आपल्याच दारात दर तासाला नाणे टाकायचे का?

या अडचणीतून रहिवासी परवाना पुढे आला. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन हिच्या शेजारी आर्लिंग्टन नावाचा परगणा आहे. तिथे मोठमोठी कार्यालये झाली. कामाला येणारी माणसे आपल्या गाड्या शेजारच्या वस्तीत लावून जाऊ लागली. सकाळी आठाला आळी भरली की ती संध्याकाळीच रिकामी व्हायची. तेव्हा १९७२ साली परगण्याच्या मंडळाने नियम केला, की कामाच्या दिवशी दिवसा त्या आळ्यांत परवान्याशिवाय गाडी लावायची नाही. बाहेरून येणारे कोर्टात गेले. त्यांचा प्रश्न आपल्या शेतकऱ्याचाच होता: रस्ता सर्वांचा, मग हा भेद का? व्हर्जिनिया राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले. पण १९७७ च्या ऑक्टोबरात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. वस्तीतली वर्दळ, गोंगाट आणि धूर कमी करणे हा योग्य हेतू आहे आणि त्यासाठी रहिवासी आणि परके असा फरक करता येतो, असे ठरले.

या खटल्यातला एक तपशील मात्र पुष्कळ लोक विसरतात. तो परवाना एकट्या रहिवाशांना नव्हता. त्यांच्याकडे कामाला येणारे, आणि काही पाहुणे, यांनाही तो मिळत असे. म्हणजे दार लावून घेतले, पण कडी घातली नाही.

जपानने वेगळाच मार्ग धरला. १९६२ च्या कायद्याने तिथे असे ठरले, की गाडी ठेवायला रस्त्याबाहेर जागा आहे, हे आधी दाखवा. पोलीस ठाण्याचा तसा दाखला लागतो. आधी गोठा, मग बैल! आपल्याकडचा शेतकरी बैल घेताना याहून निराळे काय करतो?

आपल्या देशात ही चर्चा आता सुरू झाली आहे. दिल्लीत २०१९ साली पार्किंगचे नियम झाले. वस्तीनिहाय आराखडा करावा, आणीबाणीच्या वाहनांना वाट राखावी, असे त्यांत आहे. पुणे महापालिकेने २०१८ साली पार्किंगचे धोरण मंजूर केले. मूळ प्रस्तावात रात्री रस्त्यावर राहणाऱ्या गाड्यांनाही शुल्क होते. त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि अखेर थोड्याच रस्त्यांपुरते बोलणे उरले. २०२५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने जपानसारखी अट आणण्याचा विचार बोलून दाखवला. लोकांची पहिली प्रतिक्रिया सगळीकडे एकच: "आमच्या दारात गाडी लावायचे पैसे कसले?"

इथे जरा थांबू. 'आमचे दार' खरे. पण दारापुढचे काय? काळीतल्या बांधावरून आणि पाणंदीवरून आपल्याकडे केवढे वाद होतात, हे तुम्हांला सांगायला नको. कोणी पाणंद नांगरली की दुसरा तहसीलदाराकडे धावतो. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने अडवलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार त्यांना दिलेला आहे. पाणंदीवर कुणी दगड टाकले तर आपण त्याला अडवणूक म्हणतो. मग पांढरीत, पेठेतल्या रस्त्यावर, पिंप आणि दगड मांडले तर त्याला निराळे नाव का द्यावे? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार गाड्या उभ्या करण्याच्या जागा ठरवायच्या त्या शासनाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून. घरमालकाने नव्हे.

म्हणून मघाच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आपल्याच कालव्यावर सापडते. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे. डिंभ्याच्या पाण्याखाली खुद्द आंबेगाव गेले; तालुक्याला नाव तेवढे राहिले. या पाण्याची किंमत इथल्या लोकांनी घरेदारे देऊन मोजली आहे. त्या पाण्याची वाटणी कशी होते? शेतकरी सात नंबरचा अर्ज भरतो. तो मंजूर झाला की शेजपाळीने त्याची पाळी येते. पाळी असेल तेवढा वेळ पाणी त्याचे. पाळी संपली की दार बंद. अर्ज मंजूर झाला म्हणून कालवा कुणाच्या मालकीचा होत नाही. आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी पोचले पाहिजे, ही व्यवस्थेची खरी कसोटी.

रहिवासी परवाना म्हणजे रस्त्याची शेजपाळी. तो मुदतीचा असावा. घरामागे किती चिठ्ठ्या, हे आधी ठरावे. तो विकता येऊ नये. भाडेकरूलाही तो घरमालकाइतकाच मिळावा, कारण चिठ्ठी राहण्याची आहे, मालकीची नव्हे. आणि शेपटाकडचा माणूस, म्हणजे भीमाशंकरच्या डोंगरातल्या वाडीवरून दवाखान्याला किंवा कचेरीला घोडेगावी आलेला, किंवा घाटघरहून जुन्नरच्या बाजाराला आलेला, त्याच्यासाठी काही जागा राखलेली असावी. तालुक्याचे गाव उभे आहे ते खेड्यांच्या जिवावर. पेठेतल्या दुकानदाराचे गिऱ्हाईक खेड्यातून येते. पेठेने त्याच्या गाडीला दार लावले, तर तो उद्या दुसऱ्या बाजाराला जाईल. म्हणून परवान्याआधी गाडीतळ हवा. गावाच्या कडेला, चालत पाच मिनिटांवर, सावली आणि पाणी असलेला. तांड्यांच्या काळी जे होते तेच, नव्या गाड्यांसाठी. गाडीतळ न करता परवाना आणणे म्हणजे गुरे कोंडवाड्यात घालायची आणि चरायला रान ठेवायचे नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. परवान्याची फी घेतली तर ती कुठे जाते, हे आळीला दिसले पाहिजे. अमेरिकेतल्या पॅसाडीना गावी १९९३ साली जुन्या पेठेत मीटरे बसवायची होती. दुकानदार बिथरले. तेव्हा गावाने वचन दिले, की हा पैसा याच पेठेचे रस्ते, दिवे आणि झाडलोट यांवर खर्च होईल. विरोध मावळला. नाणेघाटाच्या टाक्यांची मघा आठवण ठेवा म्हणालो, ती याचसाठी. रांजणात नाणे टाकणाऱ्याला पुढे पाण्याचे टाके दिसत होते.

तिसरी गोष्ट हिशेबाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. परवान्याने जागा वाढत नाही. समजा, आळी पाच मीटर रुंद आहे. मोटारीची रुंदी साधारण पावणेदोन मीटर धरा. दोन्ही कडांना गाड्या लावल्या तर साडेतीन मीटर गेले, उरले दीड. त्यातून रुग्णवाहिका जाणार नाही. आगीचा बंब तर नाहीच नाही. त्याला अडीच मीटर नुसत्या अंगाला लागतात. एका कडेला लावल्या तर सव्वातीन मीटर उरतात, बंब जातो. आळी शंभर मीटर लांब असेल तर एका कडेला, मधली फट धरून, अठरा गाड्या. त्यातून वळणे, बोळांची तोंडे, घरांचे दरवाजे सोडा, राहिल्या बारा-पंधरा. आळीत गाड्या तीस असतील तर तीस चिठ्ठ्या वाटून काय साधणार? पंधरा जणांच्या हाती नुसता कागद राहील, आणि भांडण परक्याशी होते ते शेजाऱ्याशी सुरू होईल.

तेव्हा आधी मोजणी, मग गाडीतळ, मग परवाना, हा क्रम. परवाना आधी आणि मोजणी मागाहून, असे झाले की घोटाळा होतो.

मोजणीला सरकारी माणसाची वाट कशाला पाहायची? गुरुजींनो, तुमच्या सातवी-आठवीच्या मुलांना एक टेप द्या. शाळेजवळची एक आळी मोजायला लावा. रुंदी किती, लांबी किती, घरे किती, गाड्या किती, त्यांतल्या दिवसभर हललेल्या किती. दुचाकी निराळ्या मोजा. एका मोटारीच्या जागेत पाचेक दुचाक्या बसतात, हेही मुलांना दिसेल. बाजारच्या दिवशी पुन्हा मोजा, आणि गाड्या कुठून आल्या ते विचारा. तो कागद शाळेच्या फळ्यावर लावा, आणि त्याची एक प्रत नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत द्या. भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र, तिन्ही विषय एका आळीत शिकवून होतील.

ओट्यावरच्या दादांचे आणि पिकअपवाल्या पाव्हण्याचे भांडण अजून मिटायचे आहे. पण आता आपल्याला एवढे कळले, की दादांना दगड मांडण्याचा हक्क नाही, आणि पाव्हण्यालाही दिवसभर दुसऱ्याच्या दारात गाडी सोडून जाण्याचा हक्क नाही. दोघांना मिळू शकते ती पाळी. ती पाळी ठरवायला दोघांनी एकदा त्याच ओट्यावर, दगड बाजूला सारून, बसायला हवे.